शेकोटी आणि शालिनीताईंची खिडकी

“मॅडम, तुमी फक्त एवढं लिहून द्या, का या शेगडीतून धूर निंघत नाही. बाकी आमी पाहून घेतो.”

बोबडे साहेब हे बोलत होते तेव्हा ती शेगडी आमच्या दोघांच्या मधोमध पेटलेली होती आणि साहेब रुमालाने डोळे पुसत होते.

“असं मी लिहून देणार नाही,” मी म्हटलं. “धूर कमी आहे एवढं लिहीन. तेही आज नाही. आज तर कमीसुद्धा नाही.”

माझं काम बॉयलर आणि भट्ट्यांचं. डाळ मिल, तेल मिल, जिनिंग, कुठे चिमणी काळा धूर ओकायला लागली की मला बोलावतात. बोबडे साहेब पूर्वी अकोल्याच्या एका डाळ मिलमध्ये मॅनेजर होते, तेव्हापासूनची ओळख. आता ते निवृत्त होऊन अकोल्यातल्याच त्यांच्या कॉलनीचे चेअरमन झाले होते. ‘छोटंसं काम आहे’ एवढंच सांगून त्यांनी मला अमरावतीहून बोलावलं होतं. छोट्या कामांची मला धास्तीच वाटते. मोठ्या कामात मशीन बिघडलेलं असतं, छोट्या कामात माणसं.

कॉलनी निवृत्त लोकांची. मध्ये मोकळा प्लॉट. दर हिवाळ्यात संध्याकाळी तिथे शेकोटी पेटायची आणि अर्धी कॉलनी खुर्च्या घेऊन यायची. पेटवायचा मान गवई काकांचा. काका रेल्वेत ड्रायव्हर होते. नोकरीची सुरुवात कोळशाच्या इंजिनावर फायरमन म्हणून केलेली, त्यामुळे आगीच्या बाबतीत कोणाचं ऐकायची सवय नव्हती.

या वर्षी घोटाळा झाला. प्लॉटला लागून शालिनीताईंचं घर. ताई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. पावसाळ्याच्या शेवटी त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आल्या, पण फुप्फुसं पहिल्यासारखी राहिली नाहीत. धुरापासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलं. शेकोटी पेटली की धूर थेट त्यांच्या खिडकीत. पुण्याहून त्यांच्या मुलाचा चेअरमनना फोन आला, “शेकोटी बंद करा, नाहीतर मी तक्रार करतो.” हे काकांच्या कानावर गेलं. काका म्हणाले, “इथं कॉलनी नोती तवापासून मी शेकोटी पेटवून राहिलो. करू दे तक्रार.” दोन्ही घरांचं वर्षानुवर्षांचं जाणं-येणं एका आठवड्यात थांबलं.

मधला मार्ग म्हणून बोबडे साहेबांनी मोबाईलवर पाहून एक ‘स्मोकलेस’ स्टीलची शेगडी मागवली. पेटवल्यावर ती आधीच्या शेकोटीइतकीच धूर करायला लागली. मग माझी आठवण आली.

आधी धूर म्हणजे काय ते सांगते. धूर म्हणजे न जळलेलं लाकूड. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात. हवा आणि उष्णता पुरेशी असेल तर ते वायू पेटतात, नाहीतर धूर होऊन आपल्या डोळ्यांत येतात. या शेगडीला दोन भिंती असतात, एकात एक ठेवलेल्या पातेल्यांसारख्या. खालच्या भोकांतून हवा आत शिरते, दोन भिंतींच्या मधून तापत वर चढते आणि काठाजवळच्या भोकांतून आगीवर येते. वर निघालेला धूर त्या गरम हवेत पुन्हा जळतो. युक्ती चांगली आहे. पण शेगडी तापलेली हवी, लाकूड कोरडं हवं आणि ते काठाच्या भोकांच्या वर जाता कामा नये.

इथे तिन्ही गोष्टींची बोंब होती. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, शेगडीत डोक्याएवढ्या उंच उभ्या केल्या होत्या. मधे बाभळीचे ओंडके होते. ओलावा मोजायच्या यंत्राची दोन टोकं मी एका ओंडक्यात खुपसली. लाकूड चांगलंच ओलं होतं. आणि या सगळ्यावर कडुलिंबाचा हिरवा पाला.

“हा पाला कोणी टाकला?”

“मी,” गवई काका म्हणाले. “धूर नाही तं मच्छर कसे पयतीन?”

“काका, आपण धूर कमी करायला जमलो आहोत ना?”

“ते तुमी जमले. मी शेकाले आलो.”

भोवती जमलेले सगळे हसले. मी हसले नाही, कारण काकाही हसत नव्हते. मी त्यांच्या शेजारची खुर्ची घेतली आणि विचारलं, “काका, इंजिन काळा धूर मारायला लागलं की फायरमन काय करायचा?”

“कोयसा कमी टाकाचा. अन् फायरहोलचं, म्हंजे भट्टीचं, दार जरासं उघडं ठेवाचं. वरून हवा भेटली का धूर जयते.”

“ही काठाजवळची भोकं म्हणजे तुमचं तेच दार.”

काकांनी चष्मा वर केला आणि वाकून भोकांकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाला, ओले ओंडके आणि पऱ्हाट्यांचा भारा कुंपणापाशी नेऊन टाकलेला होता. मोर्शीकडच्या एका ओळखीच्या शेतातून संत्र्याचं जुनं, वाळलेलं लाकूड दुपारपर्यंत आलं. ते त्यांनीच मागवलं होतं.

त्या संध्याकाळी पुन्हा चाचणी केली. पेटवताना थोडा धूर झाला. शेगडी तापली तसा तो विरळ होत गेला आणि मग काठाच्या भोकांतून ज्वाळा निघताना दिसू लागल्या. बोबडे साहेब खूष. “आता लिहाल ना?”

मी म्हटलं, “आधी खिडकी बघू द्या.”

शालिनीताईंच्या घरात सगळ्या खिडक्या बंद होत्या, फटींत कपड्यांच्या घड्या कोंबलेल्या. मला पाहून त्यांना आनंद झाला, पण दोन वाक्यांनंतर धाप लागत होती. धूळ आणि धूर मोजायचं छोटं यंत्र मी खिडकीच्या बाहेर ठेवलं. डोळ्यांना धूर दिसत नव्हता, पण आकडा वर होता. मग तिथेच बाहेर एक उदबत्ती पेटवून हवा कुठे जाते ते पाहिलं. तिचा धूर भिंतीच्या कडेने सरपटत खिडकीकडेच वळला. हिवाळ्यात संध्याकाळी थंड हवा जमिनीलगत बसून राहते. धूर वर जायला बघत नाही, आडवा पसरतो.

“तुमच्या मुलाची तक्रार बरोबर आहे,” मी म्हटलं.

“मुलाची आहे. माझी कोणी ऐकली?” ताई म्हणाल्या. “शेकोटी बंद करा असं मी म्हणाले का? मला कोणी विचारलंच नाही. पोरगा तिकडून काळजी करतो, गवई भाऊ इकडे रागावून बसले, अन् मी मधात कोंडून राहिली. मॅडम, खरं सांगा. ही शेगडी पेटली तर मला तिथे जाऊन बसता येईल का?”

मशीनबद्दल वाईट बातमी देणं सोपं असतं. मी म्हटलं, “नाही ताई. तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण लाकूड जाळणारी अशी शेगडी मला माहीत नाही, की जिच्याशेजारी मी तुम्हाला बसा म्हणेन.”

त्यांनी खिडकीच्या फटीतली कपड्याची घडी बोटाने चाचपली. मग म्हणाल्या, “मग एवढं करा, का ही खिडकी उघडता येईल. निदान आवाज तरी ऐकू येईल.”

तोपर्यंत मी शेगडी तपासत होते. आता मला काम कळलं.

बोबडे साहेबांनी चिमणीवाली शेगडी सुचवली. मी समजावलं, की चिमणी धूर संपवत नाही, तो दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडते. त्यांनी गॅसची शेगडी सुचवली. काका म्हणाले, “मंग तिच्यावर चहाच ठेवा.” शेवटी स्टीलचीच ठेवली, पण प्लॉटच्या पार दुसऱ्या टोकाला, संध्याकाळची हवा घरांपासून बाहेर जाते त्या बाजूला. लाकूड फक्त वाळलेलं, पाला बंद. मच्छरांसाठी पंखा. आणि एमआयडीसीतून एक घट्ट बसणारं झाकण बनवून घेतलं, कारण पाणी ओतून विझवलं की धुराचा लोट उठतो.

मी लिहून दिलं: या जागी, या लाकडावर, धूर बराच कमी. हवा फिरली तर शेगडी बंद करावी. शेवटचं वाक्य काढा, असं साहेब म्हणत होते. मी काढलं नाही. पण खरं सांगते, ते वाक्य कोणी पाळेल असं मलाही वाटलं नव्हतं. पेटलेल्या शेकोटीवरून माणूस उठत नाही.

काही आठवड्यांनी अकोल्यात दुसऱ्या कामाला गेले तेव्हा संध्याकाळी कॉलनीत डोकावले. शेगडी पलीकडच्या टोकाला मस्त पेटली होती. शालिनीताईंची खिडकी उघडी होती आणि त्या मफलर गुंडाळून आत बसल्या होत्या. काका तिकडे पाठ करून बसले होते. बोलणं अजून बंदच होतं.

थोड्या वेळाने हवा पडली, मग उलटी फिरली. धुराचा एक पातळ पट्टा घरांच्या दिशेने निघाला. मी पिशवीतून यंत्र काढत होते, तोवर झाकणाचा खणकन आवाज झाला.

“काका, आत्ताच तं पेटली होती!” कोणीतरी ओरडलं.

“राहू दे. तिकडे जाऊन राहिला धूर.”

काकांनी आपली खुर्ची उचलली. प्लॉट ओलांडून ते खिडकीपाशी गेले, खुर्ची ठेवली आणि बसले. इंजिनावर कान गेलेले, त्यामुळे ते बोलले ते सगळ्या कॉलनीला ऐकू गेलं.

“शालिनीबाई, चहा हाय का?”

आतून उत्तर आलं. “हाय. पण आधी हातपाय धुवून या. धुराचा वास येऊन राहिला तुमचा.”

काका निमूट नळाकडे गेले. एकेक करून बाकीच्या खुर्च्याही खिडकीसमोर आल्या. थंडी चांगलीच होती. लोक शाली ओढून बसले, पण घरी कोणी गेलं नाही.

आता बरेच लोक मला फोन करून विचारतात, फार्महाऊससाठी, गच्चीसाठी, सगळ्यांत कमी धुराची शेगडी कोणती घ्यावी. मी त्यांना दोन भिंती, कोरडं लाकूड आणि हवेची दिशा हे सगळं सांगते. आणि शेवटी विचारते, गरज पडली तर ती विझवायला कोण उठेल? त्या माणसाचं नाव ठरलं असेल तर कोणतीही घ्या.