कपबशीचा क

नामदेव पेंटरांच्या भिंतीपुढून कुणी न वाचता निघालं, तर ते शिडीवरूनच हाक मारायचे, "ओ पाव्हणं, फुकट हाय, वाचून जावा!" लोहारा तालुक्यात फ्लेक्स आले, तरी निवडणुकीच्या भिंती त्यांच्याकडंच. सकाळी छत्रीला निवडून आणायचे, दुपारी कपबशीला. कुणी टोकलं तर म्हणायचे, "माझा ब्रश अपक्ष हाय."

आमच्या गावच्या समाजमंदिरात मी बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायचो. पेंटरांची बायको गंगूबाईही त्यात होत्या, म्हणून बाहेरच्या भिंतीवर मुळाक्षरं काढून द्यायला पेंटर हौसेनं तयार झाले. दुसऱ्या दिवशी बघतो तर क कपबशीचा, छ छत्रीचा, न नारळाचा, श शिट्टीचा! निवडणूक चिन्हांखेरीज दुसरं काही काढायची त्यांच्या हाताला सवयच उरली नव्हती. मी कपाळाला हात लावला. बायका मात्र खूश, कारण ही चित्रं मतदानामुळं त्यांच्या ओळखीची. थोड्याच दिवसांत गंगूबाई एसटीची पाटी वाचू लागल्या आणि पेंटर ते गल्लीभर सांगत सुटले.

तेवढ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आचारसंहितेचे साहेब आले आणि भिंत बघून कडाडले, "ही चिन्हं कुणी काढली? सगळी भिंत पुसा!"

पेंटर काकुळतीला आले. "साहेब, समद्यांचीच चिन्हं हायती, मग परचार कुणाचा? आन् आमची मंडळी आत्ता कुठं जोडाक्षरावर आलीया."

"नियम म्हणजे नियम." साहेबांनी भिंतीवर नोटीस डकवली आणि चुन्याची बादली मागवली. पेंटरांनी ब्रश बुडवला, पण हात काही उचलेना. मला फार वाईट वाटलं.

गंगूबाई पदर खोचून नोटिशीपुढं उभ्या राहिल्या. एकेका अक्षरावर बोट ठेवत मोठ्यानं वाचू लागल्या, "सार्व... जनिक... भिंतीवर... काहीही... चिकटवू... नये." मग वळून म्हणाल्या, "मग साहेब, ह्यो कागद कुणी चिटकवला?"

बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. साहेबांनी आधी आपली नोटीस काढली. मग चित्रं पुसायची आणि अक्षरं ठेवायची, असं ठरलं. चुना लावताना पेंटर म्हणाले, "आता चित्राची गरज कुणाला हाय?"

पुढं काही वर्षांनी पेंटर गेले तेव्हा गावातली पोरं श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला निघाली. गंगूबाईंनी साफ नकार दिला. पेंटरांचाच ब्रश घेऊन त्यांनी त्या भिंतीवर वाकड्यातिकड्या अक्षरांत 'नामदेव पेंटर' लिहिलं आणि रिकाम्या 'क'शेजारी कपबशी काढली. कप जरा कलंडलाय. मी अजून तिथून न वाचता पुढं जात नाही.