शटर पडल्यानंतरचा आवाज

मुकुंदवाडीच्या स्टेशनकडं जाणाऱ्या गल्लीत त्रिंबकचं गेट-ग्रिल बनवायचं शेड आहे. घर मेंढपाळाचं, पिशोरकडचं. वडिलांच्या मागं मेंढरं राखायची सोडून तो वाळूजला वेल्डिंग शिकला आणि पुढं कंपनीतली हजेरी नको म्हणून स्वतःचा धंदा टाकला. सकाळी कटर सुरू झाला की दिवसभर लोखंड किंचाळत राहायचं. त्याला त्याचं काही वाटत नसे. आवाज आहे म्हणजे काम आहे, एवढंच त्याला कळायचं.

शेडला लागूनच आवडाबाईंचं घर. वय झालेल्या, एकट्याच राहणाऱ्या. एका सकाळी त्या शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"त्रिंबक, बाबा, मला रात्री झोप नाय लागत."

"मावशी, अंधार पडायच्या आत मी शटर पाडतो. तुमच्या रात्रीच्या झोपंचा अन् मपला काय संबंध?"

आवडाबाईंनी छातीवर हात ठेवला. "तुपलं बंद व्हतं रे. हितलं बंद व्हत नाय."

त्रिंबकनं कटर सुरू केला. त्या परत गेल्या.

तो खवळला होता, कारण झोप त्यालाही येत नव्हती. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. पहाटेआधीच डोळे टक्क उघडे, आणि उठायची वेळ झाली की अंग जड. मग दिवसभर चहावर चहा. एकदा बायकोच्या, बानाबाईच्या हातून झाकण पडलं, तर तो भरल्या ताटावरून उठून बाहेर निघून गेला. दुसऱ्या दिवशी बानाबाईनं त्याला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी बीपी पाहिलं, साखर पाहिली. दोन्ही वाढलेली. मग कामाची चौकशी केली आणि म्हणाले, "सकाळी शरीरात एक हार्मोन वाढतं, त्यानं आपल्याला तरतरी येते. दिवस कलला की ते उतरायला पाहिजे, मग झोपेचं हार्मोन वर येतं. एवढ्या आवाजात शरीराला दिवसभर वाटतं, काहीतरी धोका आहे. मग ते सकाळचं नीट उतरत नाही."

"पण मला तर आवाज ऐकूबी येत नाय आता. सवय झाली."

"तुम्हाला झाली असेल. शरीराला झालेली दिसत नाही."

त्रिंबकला पटलं नाही. गोळ्या सुरू झाल्या, कटरही चालूच राहिला.

त्याच उन्हाळ्यात गल्लीला वीज देणारी डीपी जळाली आणि नवी लवकर येईना. सुरुवातीला त्रिंबक कोंडून घातल्यासारखा शेडमध्ये फिरायचा, गिऱ्हाइकांना फोनवर कायबाय सांगायचा, पुसलेले नट-बोल्टचे पाने पुन्हा पुसायचा. पण एका दुपारी बानाबाई जेवायला बोलवायला आली, तर तो पाइपांच्या शेजारी फरशीवर घोरत पडलेला. तिनं उठवलं नाही. त्या रात्री पंखा नव्हता, डास होते, तरी तो उजाडेपर्यंत झोपला. पुढच्या रात्रीही.

मग लाईट आली. त्रिंबकनं बटण दाबलं, पातं पाइपाला टेकलं आणि त्याची छाती धडधडायला लागली. जबडा आवळला गेला. हे रोजच होत असणार, पण ध्यानात आलं ते आज. त्यानं कटर बंद केला, पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच. तसाच उठून तो शेजारी गेला.

"मावशी, तुमाला हे कवाधरून हाय?"

"तू शेड टाकल्यापासून," आवडाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. तो उंबऱ्यावर बसून पाणी प्याला.

धंदा सोडणं जमण्यासारखं नव्हतं. त्यानं कटर शेडच्या मागच्या टोकाला नेला, भोवती विटांची जाड भिंत घेतली, स्वतःच्या कानांवर लावायला आवाज अडवणारे कप आणले. कापायचं काम सकाळीच उरकायचं, दुपारनंतर नुसतं वेल्डिंग आणि रंग. कामाला उशीर होतो म्हणून काही गिऱ्हाइकं तुटली.

"जाऊ द्या," बानाबाई म्हणाली. "ताटावर बसून जेवताय, लई झालं."

आवडाबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "थोडं बरं हाय. पुरं नाय."

त्याचंही तसंच आहे. काही रात्री झोप लागते, काही रात्री तो नुसता पडून राहतो. हल्ली संध्याकाळी तो रुळांपलीकडच्या मोकळ्या जागेत चालायला जातो. एखादी गाडी भोंगा वाजवत गेली की दचकून थांबतो, डबे निघून जाईपर्यंत उभा राहतो, आणि मग पुन्हा चालू लागतो.