गॅरेज बघायचा कार्यक्रम

तीन बायका वर्षभर एकाच कामाच्या मागे लागल्या की काम होवो न होवो, सांगण्यासारखं मात्र पोतंभर जमतं. आमचं काम तर असं होतं की ऐकणारा आधी हसतो, मग खुर्ची ओढून बसतो आणि म्हणतो, "थांबा, पहिल्यापासून सांगा!" म्हणून पहिल्यापासूनच सांगते.

आम्ही तिघी रोज सकाळी रंकाळ्यावर फिरणाऱ्या. मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून रिटायर झालेली. शैलजा दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त. माहेर पुण्याचं, अजूनही प्रत्येक वाक्य नीट पूर्ण करते. आणि तिसरी अक्काताई. तिने वीस वर्षं घरच्या उसाचा ट्रॅक्टर चालवलाय, तोही मागे दोन ट्रॉल्या लावून. दोन ट्रॉल्या लावून जी बाई रिव्हर्स घेते तिला जगात कुणाला भ्यायचं कारण उरत नाही!

आमच्या शाळेने जुनी व्हॅन विकायला काढली तेव्हा ती अक्काताईने घेतली. सीटा काढून आत तीन झोपायच्या जागा केल्या, शेगडी बसवली, पाण्याची टाकी बसवली. झाली आमची कॅम्पर व्हॅन! एका वर्षी हंपी झालं, एका वर्षी कच्छ. मग मी भिंतीवर हिमालयाचा नकाशा लावला आणि आम्हा तिघींची झोप उडाली.

सरावाला म्हणून ऐन पावसात गगनबावड्याला गेलो. तिथे एका चढावर लाल चिखलात गाडी जी बसली ती उठेचना. मागची दोन चाकं जागच्या जागी गरगर फिरतायत आणि पुढची दोन नुसती बघतायत! शेवटी गावातल्या एका बैलजोडीने आम्हाला वर ओढलं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि आम्ही घरी पोचायच्या आत तो अक्काताईच्या मुलाच्या, विक्रमच्या, मोबाइलवर पोचला.

गाडी अक्काताईच्या नावावर असली तरी उभी असते कसबा बावड्यात, विक्रमच्या अंगणात. तो म्हणाला, "आई, बास झालं. हिमालयात बैलं कोण देणार हाय? विकून टाकू गाडी."

"पुढच्या पावसात त्याच चढावर चढवून दावतो," अक्काताई म्हणाली. "न्हाय चढली तर कुणाला बी वीक. चढली तर परत विकायचं नाव काढायचं न्हाय."

विक्रम कबूल झाला. आमच्या हातात एक वर्ष होतं आणि गाडीची चारही चाकं ओढती करून देणारं गॅरेज शोधायचं होतं. अक्काताईने फर्मान काढलं, "स्थळ बघतो तसं बघायचं. पहिलंच बघून हुरळायचं न्हाय!"

* * *

पहिलं स्थळ शिरोलीच्या रस्त्याला. मोठं शेड, दारात चार जीपगाड्या, मालकाच्या गळ्यात साखळी. आम्ही तिघी उतरलो तर हा आमच्या मागे डोकावून बघतोय, आणखी कोण उतरतंय का.

मी सांगितलं, गाडीला फोर व्हील ड्राइव्ह करायचंय. तो मान हलवत म्हणाला, "व्हय व्हय, करूया की. पण वहिनी, मालकास्नी घिऊन या. टेक्निकल बोलायचं असतंय."

"मालक फोटोत हायत," अक्काताई म्हणाली. "बोला माझ्यासंगं."

त्याने आधी साखळी शर्टात घातली, मग दोन्ही हात जोडले. पण तोवर स्थळ नापसंत झालं होतं!

* * *

दुसऱ्या गॅरेजचा मालक फार अगत्याचा. "या पावणं, आधी बसा, मग गाडीचं बघू." आम्ही बसलो तोच घरातून गरमागरम पोहे आले, वर खोबरं, लिंबू, सगळं साग्रसंगीत. शैलजाने तर मागून घेतले.

पोहे खाता खाता मी इंजिनची ताकद पुढच्या चाकांपर्यंत कशी नेणार, असं विचारत होते. इतक्यात बाहेरून खडखडाट ऐकू आला. बघतो तर त्याच्या दोन माणसांनी आमच्या गाडीचा पुढचा बंपर काढून भिंतीला टेकवून ठेवलेला!

"अहो, हे काय चालवलंय तुम्ही?" शैलजा बशी हातात घेऊनच धावली.

मालक जागचा हलला नाही. "पोहे खाल्लासा न्हवं? मग ठरलं की!"

बंपर परत लावून घ्यायला दुपार झाली. परत निघताना शैलजाने नियम केला, इथून पुढे कोणत्याही गॅरेजमध्ये खायचं नाही. विचारलंच तर उपवास आहे म्हणून सांगायचं.

* * *

तिसऱ्या ठिकाणी गॅरेज म्हणावं असं काहीच नव्हतं. काचेचं दार, एसी, सोफा, भिंतीवर मोठा स्क्रीन. मालक तिशीचा, गोरागोमटा, बोलायला इतका गोड की मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला. त्याने आमची व्हॅन स्क्रीनवर आणली, एक बटण दाबलं, आणि ती बर्फातून भर्रकन पळायला लागली! मी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू?

"काही खाणार?" त्याने विचारलं.

"आमचा तिघींचा उपवास आहे," शैलजा ठासून म्हणाली.

दहा मिनिटांत साबुदाण्याची खिचडी हजर! वर शेंगदाण्याची आमटी. आम्ही एकमेकींकडे बघत मुकाट्याने खाल्ली. अक्काताई मात्र स्क्रीनच्या मागे जाऊन आली, एक दार उघडून बघितलं, दुसरं उघडून बघितलं.

"बाळ, पानं कुठायत तुझं? जॅक कुठाय?"

"काकू, प्रत्यक्ष काम पुण्याला होतं. हे आपलं एक्स्पीरियन्स सेंटर आहे."

"म्हंजे हितं खिचडीचाच एक्स्पीरियन्स!" अक्काताईने पदर खोचला आणि आम्ही उठलो.

* * *

चौथा नुसता हौशी. त्याला गाडी जितकी उंच तितकी चांगली वाटायची. स्वतःची बनवलेली व्हॅन त्याने दाखवली तर तिची पायरी माझ्या छातीला लागत होती. टायर एवढे की शैलजा त्यांच्याआड दिसेनाशी झाली.

"नाद खुळा हाय का न्हाय?" तो म्हणाला. "हिमालय काय, कुठं बी घाला!"

अक्काताईने एक पाय वर टाकून बघितला, मग दुसरा टाकून बघितला. शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हिमालय ऱ्हाऊ दे. आधी गाडी चढायला शिडी दे!"

"वेल्डिंग करून देतो की," तो उत्साहाने म्हणाला आणि खरोखरच टेप घेऊन अक्काताईच्या गुडघ्याची उंची मोजायला लागला.

* * *

चार स्थळं गेली. दिवाळीही गेली. विक्रम रोज सकाळी गाडीभोवती फेरी मारायचा आणि कुणाकुणाला फोनवर तिचं वर्णन करून सांगायचा. मला खरंच धास्ती वाटायला लागली होती. गाडी गेली तर आमचं काय उरणार? रंकाळ्याच्या फेऱ्या आणि गुडघ्यांच्या गप्पा! मी अक्काताईला म्हटलं, आता पाचवं बघून हो म्हणूया.

ती म्हणाली, "आपण चुकालोय. स्थळाची चौकशी कोण त्यांच्याच घरात जाऊन करतंय व्हय? शेजाऱ्याला इचारायचं!"

पाचव्या गॅरेजला आम्ही गेलोच नाही. उद्यमनगरात त्याच्या समोर चहाची टपरी होती, तिथे बसलो. अक्काताईने टपरीवाल्याला घोळात घेतला. समोरचा बसाप्पा मेस्त्री माणूस कसा? पितो का? चिडतो का? दिलेला शब्द पाळतो का?

टपरीवाला कप विसळत म्हणाला, "वंगाळ हाय. रागीट हाय. गाडी येळंवर देत न्हाय. गिऱ्हाईक माझ्या हितं बसून त्याला शिव्या घालतंय."

आम्ही उठायलाच लागलो.

"पण एक हाय," तो म्हणाला. "एकदा नीट हून गेल्याली गाडी परत येत न्हाय. माझं चहाचं गिऱ्हाईक मारलंय बघा त्यानं!"

अक्काताईने आणखी तीन चहा सांगितले. पाचवं स्थळ पसंत!

* * *

बसाप्पा मेस्त्री सीमाभागातले, निम्मं बोलणं मराठी, निम्मं कन्नड. आम्हाला बसा म्हणाले नाहीत, पोहेही नाहीत. थेट गाडीखाली शिरले आणि अर्ध्या तासाने बाहेर आले.

"अक्का, आधी गाडी बदलायच्या परवानगीचा कागुद. त्याबिगर मी पाना लावत न्हाय. आन् गाडी भरून किती वजन हाय?"

आम्हाला कुठलं माहीत?

"साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर न्या. माणसांसकट तोला, मग माणसं उतरवून तोला."

हंगाम चालू होता. आम्ही उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत उभ्या राहिलो. निम्मे ड्रायव्हर अक्काताईच्या ओळखीचे. नंबर आला, गाडी काट्यावर चढली आणि बोर्डावर हे मोठे लाल आकडे उमटले. मग अक्काताई उतरली, आकडा घसरला. मी उतरले, आकडा आणखी घसरला, आणि रांगेतल्या कुणीतरी वजाबाकी करून मोठ्याने सांगितली!

हे ऐकून शैलजाने दाराचा दांडा घट्ट धरला. "मी उतरणार नाही. माझं वजन गाडीतच धरा."

केबिनमधला माणूस माइकवरून बोलला, "अवो म्याडम, उतरा की! काटा कुणाला सांगत न्हाय!"

हे त्याचं वाक्य चारही भोंग्यांतून अख्ख्या आवारात घुमलं.

शैलजा उतरली. त्यानंतर पंधरा दिवस ती रंकाळ्याला दोन फेऱ्या जास्त मारत होती.

* * *

आकडा बघून मेस्त्री भडकले. त्यांनी गाडीतली एकेक पेटी उघडायला सुरुवात केली आणि झोपायच्या जागेखाली त्यांना दगडी पाटा-वरवंटा सापडला.

"ह्यो कशाला?"

"चटणीला," अक्काताई म्हणाली. "मिक्सरची चटणी आमी खात न्हाय."

"अक्का, लोक गाडी हलकी कराय बघत्यात. तुमी अर्धा डोंगर घिऊन डोंगर चढाय निघालासा!"

अक्काताईने वाद घातला नाही. तिथेच गॅरेजमध्ये पाटा मांडला, खोबरं, लसूण, लाल मिरची वाटली आणि भाकरीवर घालून मेस्त्रींच्या हातात दिली. मेस्त्रींनी उभ्या उभ्या खाल्ली. आणखी एक खाल्ली. मग पाणी प्यायले आणि आतल्या माणसाला ओरडून सांगितलं, "मागच्या स्प्रिंगला एक पान जादा घाल रे! पाटा संगं जाणार हाय!"

* * *

परवानगीचे कागद, मंजुरी, मग चार महिने काम. टपरीवर बसून आम्हीही मेस्त्रींना यथेच्छ शिव्या घातल्या. शेवटी गाडी मिळाली. आत एक नवा छोटा दांडा होता. तो ओढला की चारही चाकं जोर लावणार. मी तो दांडा नुसता हातात धरला तरी अंगावर काटा आला!

शैलजाने वही काढली. "पथ्य सांगा."

"डांबरावर दोनच चाकं चालवायची. चिखलात चार जोडायची. डांबरावर चार जोडलासा तर मोडंल, मग माझ्याकडं येयाचं न्हाय."

शैलजाने ते लिहिलं आणि औषधाच्या चिठ्ठीसारखं समोरच्या काचेला चिकटवलं. 'डांबर: दोन. चिखल: चार.' खाली सवयीने 'जेवणानंतर' असंही लिहून गेली.

* * *

आणि पावसाळा आला.

गगनबावड्याला पोचलो तर धुकं, पाऊस आणि तोच चढ, गेल्या वर्षीपेक्षा जास्त चिखलाचा. विक्रम आपली नवी कोरी मोठी गाडी घेऊन मागे आला होता. बरोबर जयसिंगपूरचे एक केटरिंगवाले पाहुणे. आमची व्हॅन विकत घ्यायला! गिऱ्हाईक सोबतच आणलेलं! शैलजा माझा हात धरून बसली.

अक्काताईने दांडा ओढला, पहिला गिअर टाकला आणि गाडी चढाला लावली. मागची चाकं घसरली. गाडी डुगडुगली. मी डोळे मिटले. मग पुढून काहीतरी ओढल्यासारखं झालं, आणि ती चालायला लागली! सावकाश, इंचाइंचाने, पण थांबेना! मी भूगोलाची बाई, पण त्या चढावर मी पोरीसारखी किंचाळले. शैलजा रडत होती आणि "शाब्बास, शाब्बास" म्हणत होती. वर पोचून अक्काताईने हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसती बसली. तिचे डोळे भरले होते.

खालून हॉर्न ऐकू आला. विक्रम आमच्या मागोमाग निघाला होता. अर्ध्या चढावर त्याची नवी गाडी तिरकी होऊन दारापर्यंत चिखलात बसली होती. खिडकीतून हात बाहेर काढून तो ओरडत होता, "आई! ए आई!"

अक्काताईने गाडी रिव्हर्समध्ये खाली नेली, एका दमात, सरळ रेषेत. शैलजाने दोर बांधला. एक हिसका बसला आणि आमची व्हॅन त्या चकचकीत गाडीला घेऊन चढ चढायला लागली. आत विक्रम स्टिअरिंग धरून, शेजारी जयसिंगपूरचे पाहुणे देवाचं नाव घेत.

वर पोचल्यावर पाहुणे उतरले. चपला चिखलात राहिल्या होत्या. ते अनवाणीच आमच्या व्हॅनभोवती फिरले, चाकांकडे वाकून बघितलं, आणि अक्काताईच्या खिडकीशी येऊन म्हणाले, "मावशी, गाडी विकायची हाय म्हणं?"

विक्रम मागे उभा होता. अक्काताईने त्याच्याकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे.

"हाय की! ती मागची," ती म्हणाली. "दोर सोडू नगा. न्यायला बरं पडंल."