रॅकवरचे जुने बुश

बाबा गेल्यानंतर पाचव्या आठवड्यात मी त्यांच्या कारखान्यातला माल मोजायला बसले.

कारखाना म्हणजे सडक अर्जुनीच्या बाहेर, महामार्गापासून थोडी आत असलेली टिनाची एक लांब शेड. तिथे राइस मिलला लागणारे सुटे भाग बनतात. धान वर चढवणारे लोखंडी डबे, शाफ्ट, पुल्या आणि बुश. बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती गनमेटलची, पितळेसारख्या धातूची, जाड कडी. मुठीत मावते, पण हातात घेतली की मनगट खाली जातं. नवी असताना पिवळीधमक दिसते, झिजली की काळी पडते. गनमेटल महाग असतं आणि खिशात सहज जातं, म्हणून सगळ्या मालात बुश तेवढे स्टोअरच्या खोलीत, कुलपात असतात.

मोजणी करायचं काकांनी ठरवलं. ते बाबांचे धाकटे भाऊ. केशोरी गावची शेती त्यांनी सांभाळली, कारखाना बाबांनी. काका इथे वर्षातून एकदा येत, दसऱ्याला, यंत्रांना हार घालायला. आता कारखाना त्यांच्याकडे आला होता आणि आत काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

"रजिस्टर एक म्हणते आन रॅक दुसरं म्हणते, असं नको," ते मला म्हणाले. "तू लायब्ररीत दरसाल पुस्तकं मोजतेस ना बेटा? तसंच मोज. माल बरोबर निघाला तं किल्ली मिस्त्रीजवळच राहील. नाही निघाला तं तो आपल्या घरी, आपण आपल्या."

मिस्त्री म्हणजे आमचे जुने फिटर. गेली सव्वीस वर्षं स्टोअरची किल्ली त्यांच्या करदोड्याला बांधलेली होती. मी शाळेत असताना ती पहिल्यांदा पाहिली. तेव्हा करदोडा काळा होता. मधल्या काळात तो कितीदा बदलला असेल, किल्ली तीच होती. काकांचं बोलणं मी त्यांना सांगितलं नाही. ते त्यांना आधीच कळलं होतं, हे मला नंतर कळलं.

मोजणी मंगळवारी होती. त्याआधीच्या रविवारी मिस्त्री गावी गेले होते, सुनेचं बाळंतपण होतं. मी घरातली दुसरी किल्ली घेऊन स्टोअर उघडलं. खरं सांगायचं तर मला घरात बसवत नव्हतं. घरी लोक येत, हळू आवाजात बोलत, मला काही काम करू देत नसत. इथे निदान धूळ होती. मी दिवसभर रॅक पुसले. बुशांच्या फळ्यांवर नव्या कड्यांच्या रांगेत मध्येच एखादी काळी, झिजलेली कडी दिसे. पिवळ्या, पिवळ्या, मग एक काळी. बाबांना नीटनेटकेपणाचा सोस कधीच नव्हता, असं मनात म्हणत मी त्या सगळ्या काळ्या कड्या काढल्या आणि शेडमागच्या भंगाराच्या ड्रममध्ये टाकल्या. मग नव्या कड्या सरकवून रांगा सलग केल्या. त्या दिवसांत पहिल्यांदाच मला जरा बरं वाटलं होतं.

मंगळवारी सकाळी मिस्त्री परतले. नात झाली होती, त्यांनी सगळ्यांना पेढा दिला. आम्ही मोजायला लागलो. ते नग उचलून मोठ्याने आकडा म्हणत, मी लिहीत असे. पहिल्या नगाला ते 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, खळ्यावर धान मोजतात तसं. लाभ, दोन, तीन. काका दारात खुर्ची टाकून बसले होते. डबे बरोबर निघाले. पुल्या बरोबर निघाल्या. शाफ्ट एक जास्तच निघाला.

"शाफ्टले पोरगं झालं का?" काका हसून म्हणाले. मिस्त्रीही हसले.

दहाच्या सुमारास भंगारवाल्याचा तीनचाकी टेम्पो मागच्या बाजूला आला. त्याने खिडकीतून विचारलं, "मॅडम, ड्रम ले जाऊँ?" मी रजिस्टरमधून मान वर न करता हो म्हटलं.

मग आम्ही स्टोअरचं कुलूप काढून बुशांपाशी आलो. मिस्त्रींनी पहिल्या फळीकडे हात नेला आणि तो तसाच हवेत राहिला. ते फळीकडे बघत होते. मग त्यांनी खालची फळी पाहिली, मग सगळ्यात वरची. त्यांनी मोजायला सुरुवात केली, पण आवाज बारीक झाला होता.

एक्केचाळीस भरले. रजिस्टरमध्ये चौसष्ट होते.

"पुन्हा मोजा," काका म्हणाले.

पुन्हा एक्केचाळीस.

काका खुर्चीवरून उठले. "तेवीस नग कुठी गेले मिस्त्री? पाय फुटले का त्याइले?"

"चोरीले नाई गेले, छोटे सेठ."

"मंग?"

"सीझनमंदी मिलवाला धावत येते. बुश फुटला, धान अडकून राहिलं, मिल बंद. त्याले नवा द्याचा, त्याचा जुना येथंच ठेवाचा, त्याच जागी. त्याचा माल आला का तो नवा आणून ठेवते आन आपला जुना उचलून नेते. मोठे सेठ असंच करत. लिवत नसत."

"बरं," काका म्हणाले. "दाखवा मंग जुने."

मिस्त्रींनी फळीवरून हात फिरवला. फळी स्वच्छ होती.

"मी गेलो तवा होते," ते म्हणाले.

"आन आता नाईत. वा! नवेबी गेले, जुनेबी गेले."

त्या क्षणी मला सगळं समजलं. मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. पाणी पिऊन येते असं काहीतरी म्हणून मी शेडच्या मागे गेले. ड्रम होता तिथे मातीत एक गोल ठसा होता आणि त्यात थोडा गंज.

त्या ठशापाशी मी किती वेळ उभी होते ते आठवत नाही. महामार्गावरून ट्रक जात होते. मी का गप्प राहिले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. पाच आठवडे सगळे माझ्याशी जपून बोलत होते, मला कशाचाच दोष देत नव्हते. ते मला हवंसं झालं होतं. शिवाय हे कबूल करायचं म्हणजे बाबांच्या हाताने मांडलेलं काहीतरी मी दुःखाच्या भरात फेकून दिलं, हेही कबूल करायचं होतं.

परत आले तेव्हा काका हात पुढे करून उभे होते. "किल्ली द्या मिस्त्री. मी बोंबलत नाई, गावात सांगत नाई. किल्ली द्या आन जा."

मिस्त्रींनी सदरा वर केला आणि करदोड्याची गाठ सोडायला लागले. गाठ सुटेना. तेलाने आणि घामाने ती दगडासारखी झाली होती. जाड नखांनी ते ती उकलत होते, मान खाली घालून, आणि काका हात तसाच धरून वाट बघत होते.

"जुने बुश मी काढले," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"रविवारी. मला ते भंगार वाटले. ड्रममध्ये टाकले. ड्रम सकाळी गेला."

मिस्त्रींचे हात गाठीवर थांबले. काकांनी आपला हात खाली घेतला, पण ते म्हणाले, "बेटा, कोणाले वाचवाले बोलत असशील तं सांग."

"नाही काका. चला, बघू."

काकांच्या गाडीत तिघं बसलो. मिस्त्री मागे. भंगारवाल्याचं आवार ढाब्यांच्या पलीकडे आहे. त्याच्याकडून गनमेटल रायपूरला जातं आणि तिथे वितळतं, एवढं मला माहीत होतं. आवारात एक ट्रक भरत होता. माझं लक्ष फक्त त्या ट्रककडे होतं.

"आपने ही तो हाँ बोला था मॅडम," भंगारवाला वैतागून म्हणाला. "पीतल-गनमेटल का ढेर उधर है. आधा गाडी में चढ़ गया. अब छाँटो बैठके."

आम्ही तिघं ढिगापाशी बसलो. नळाच्या तोट्या, समया, घंटा, पंपाचे तुकडे. पहिला काळा बुश मिस्त्रींना मिळाला. त्यांनी तो सदऱ्याला पुसला आणि अंगठा कडेवरून फिरवला.

"हे पाहा छोटे सेठ."

कडेवर टोकदार पंच ठोकून उमटवलेले तीन बारीक ठिपके होते. मी रविवारी ते पाहिले नव्हते.

"तीन म्हंजे मोरगाव रोडची मिल. दोन म्हंजे तुमच्या केशोरीची. मोठे सेठ सोता ठोकत. येकेकाचा नंबर."

काकांनी तो बुश हातात घेतला आणि ठिपके बोटाने चाचपले, एकदा, मग पुन्हा. ते भावाचं काहीतरी पहिल्यांदाच वाचत होते. मग त्यांनी धोतर सावरलं आणि ढिगात दोन्ही हात घातले.

ट्रकचा अर्धा माल उतरवून घेतला. भंगारवाला बडबडत होता. उन्हं उतरेपर्यंत एकोणीस मिळाले. चार मिळाले नाहीत. मी नखं तुटेपर्यंत शोधलं, पण ते मिळाले नाहीत.

स्टोअरमध्ये परतल्यावर मी रजिस्टर उघडलं. तेवीसपुढे लिहिलं: एकोणीस नवे मिलवाल्यांकडे, त्यांच्या जागी जुने बुश, खुणेसह. चार जुने बुश मोजणाऱ्या व्यक्तीने गहाळ केले. खाली सही केली. काकांनी ते वाचलं आणि रजिस्टर मिटलं. मिस्त्रींकडे न बघता ते म्हणाले, "किल्ली राहू द्या तुमच्याजवळ."

"गाठ सुटली नाई म्हणून राहिली, छोटे सेठ," मिस्त्री म्हणाले.

काका गाडीत जाऊन बसले.

मिस्त्री आणि मी बुश परत मांडायला लागलो. कोणता जुना कुठे होता हे मला आठवत नव्हतं, त्यांना आठवत होतं. ते जागा दाखवत, मी ठेवत असे. शेवटी चार जागा उरल्या. मी एक खोका फाडला, पुठ्ठ्याचे चार चौकोन कापले, प्रत्येकावर तारीख आणि 'बाहेर' असं लिहून त्या रिकाम्या जागांवर उभे केले.

"हे काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"ग्रंथालयात असं करतात. पुस्तक कोणी नेलं की त्याच्या जागी पुठ्ठा ठेवतात. म्हणजे जागा रिकामी आहे पण पुस्तक हरवलेलं नाही, हे कळतं."

त्यांनी एक पुठ्ठा सरळ केला. मग शेजारच्या काळ्या बुशावर बोट ठेवलं.

"मंग जागा राखाची रीत तुमाले ठाऊक होती, ताई."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी कुलूप लावलं. किल्ली करदोड्यालाच होती, म्हणून त्यांना दाराशी थोडं वाकावं लागलं.