बाबांच्या तळहातावरची जाळी
कोमट जिलेटिनला हाडांच्या रश्शासारखा मंद वास येतो. काल प्रयोगशाळेत माझ्या विद्यार्थिनीने त्याचा डबा उघडला आणि मला बाबांचा तळहात आठवला. गोष्ट जुनी, तेव्हा मी पुण्यात पीएचडी करत होते. थ्रीडी प्रिंटरच्या सुईतून जिलेटिनचे थर सोडत बारीक जाळी छापायची, पुढे तिच्यावर पेशी वाढवून भाजलेल्या माणसांसाठी कातडी तयार करायची, असं ते काम. पण थर पसरून जायचे आणि आमचे सर शांतपणे विचारायचे, “आपण जाळी छापता आहात की पिठलं ओतता आहात?” शेवटी एका मे महिन्यात मी घाई सोडली, जिलेटिन नीट गार होऊ दिलं आणि जाळी उभी राहिली, बोटाच्या पेराएवढी, काचेसारखी. त्याच आठवड्यात बाबा वर्ध्याहून आले होते. गिरणीत भाजल्यापासून त्यांचं मनगट पुरतं वळत नसे. मी ती थंडगार जाळी कौतुकाने त्यांच्या तळहातावर ठेवली. ते श्वास रोखून बघत राहिले. आधी कोपरे खचले, मग जाळीची घरं मिटली आणि बोटांच्या फटीतून चिकट पाणी ओघळलं. “माह्या हातात टिकत नाही बेटा, तर माह्या अंगात कसं टिकन?” एवढंच म्हणून त्यांनी रुमालाने हात पुसला. छापण्याच्या नादात मी अंगाची ऊबच विसरले होते. आता कुणी सुबक जाळी दाखवायला आलं, की मी आधी तळहात पुढे करते. काल त्या विद्यार्थिनीची जाळी माझ्या तळहातावर दहा मिनिटांनीही उभी होती. मी ती लगेच परत दिली नाही.