डाव्या सीटखालचं पाणी

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, पण खरं सांगू का, चुका काढायला वाचतो. कोणाच्या घरात दार आपोआप उघडतं म्हटलं, की मी विचारतो — कडी तपासलीत का? बिजागरी सैल होती का? सव्वीस वर्षं मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये माल मोजतोय. मोजल्याशिवाय मी काहीच मानत नाही. तरी आज लिहायला बसलोय... आणि घाबरलो म्हणून नाही, संताप झालाय म्हणून.

जागा नीट सांगतो. अलिबागहून रेवसकडे जाताना चौदा किलोमीटरवर उजव्या हाताला आमचं गाव. घर मुख्य रस्त्यापासून चारशे मीटर आत, चौथरा चिऱ्याचा. खाडी सरळ रेषेत दीड किलोमीटर लांब. २००५च्या पुरातसुद्धा आमच्या अंगणात पाणी आलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गाडीची हौस आम्हाला नव्हती. माझ्या बायकोचं, सुलभाचं, आठवड्यातून तीनदा अलिबागला डायलिसिस असतं. मशीनची वेळ सकाळी सातची. आमच्या फाट्यावर शेअरची पहिली मिनीडोर रिक्षा साडेसातला येते, आणि ठरवलेल्या रिक्षावाल्याने दोन महिन्यांत चार वेळा टांग दिली. चौथ्या वेळी डायलिसिसची खेप चुकली, तिला धाप लागली आणि दोन दिवस ॲडमिट करावं लागलं. त्या रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी ठरवलं — आपल्याला परवडेल अशी जुनी, छोटी, पण भरवशाची गाडी घ्यायची.

अकरा गाड्या बघितल्या. माझी एक्केचाळीस मुद्द्यांची यादी होती. बॉनेटखालचं वेल्डिंग, टायरवरचं वर्ष, पेडलचं रबर आणि मीटरवरचे किलोमीटर जुळतात का, पत्र्याला फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक चिकटतं की आत पुट्टी आहे. आणि आमच्या भागातली खास तपासणी — कार्पेट उचलून सीटच्या नटावर बोट फिरवायचं आणि ते जिभेला लावायचं. इथे लोक गाड्या पुळणीवर नेतात, भरतीत अडकवतात आणि मग धुऊन विकतात. पण खारं पाणी एकदा आत गेलं की चव जात नाही. माझे आजोबा मिठागरावर होते. आमच्या घरात खाऱ्याला कोणी फसत नाही.

बारावी गाडी पोयनाडच्या हरेश पाटलाची. ट्रकचा धंदा असलेला, चाळिशीतला माणूस. पांढरी, पेट्रोल, आठ वर्षांची, एकसष्ट हजार किलोमीटर चाललेली. एक्केचाळीसपैकी अडतीस मुद्दे पास. नट चाखला, तर नुसत्या लोखंडाची चव.

हरेश हसत म्हणाला, "काका, पोरगी बघायला आलाव का गाडी? एवढं तर आमच्या सासऱ्यानं मला नाय तपासलं."

"सासऱ्यांनी तपासायला हवं होतं," मी म्हणालो.

त्याला माझा स्वभाव आवडला असावा. म्हणाला, "चार दिवस दारात ठेवा. चालवा, झोपा तिच्यात. नाय पटली तर परत द्या."

तृतीयेला संध्याकाळी गाडी दारात आली. सुलभा पुढच्या सीटवर पाच मिनिटं नुसती बसून राहिली. "दार किती हलकं आहे," एवढंच म्हणाली. मी रजा टाकली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी टायरची हवा बघायला गेलो, तर डाव्या सीटपुढचं कार्पेट ओलं. ओलं म्हणजे दाबलं की पाणी वर येत होतं. फाल्गुन महिना, आभाळ कोरडं. एसी लावलेला नव्हता. कूलंट बाटलीवरच्या रेषेला जसंच्या तसं. बोट बुडवलं, चाखलं... खारट. समुद्राचं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे आपल्याला बनवलं! मी तिथूनच फोन लावला.

हरेशनं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "काका, भाव पाडायचाय तर सरळ बोला ना. पाणी कशाला ओतताव?"

वाचकहो, मी उभ्या आयुष्यात दुकानदाराचा जास्त आलेला रुपयासुद्धा ठेवून घेतलेला नाही. आणि हा मला म्हणतो, पाणी ओतलं!

संध्याकाळी पाहिलं तर गाडी कोरडी. कार्पेटवर मिठाची पांढरी रेघ तेवढी राहिलेली. पंचमीला पावणेचारला पुन्हा पाणी. षष्ठीला साडेचारला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर मी पायरीवरच बसलो. आमच्याकडे भरतीचं गणित तोंडपाठ असतं — तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार. तेव्हा खाडी भरायची आणि तेव्हाच माझ्या अंगणात, दीड किलोमीटरवर, चिऱ्याच्या चौथऱ्यापाशी उभी असलेली गाडी भरायची. ओहोटीला उतरायची.

मी हरेशला बोलावलं. "सप्तमीला सव्वापाचच्या आधी ये. दोन्ही चाव्या तुझ्याच खिशात ठेव."

तो आला. चारही दारांवर, काचांवर, बॉनेटवर मी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक पट्टीवर त्याची सही आणि माझी. मग समोर खुर्च्या टाकून आम्ही दोघं बसलो. सुलभानं चहा दिला.

"वैनी, काका घरात पण असं करतात का?" त्यानं विचारलं.

"डब्यातली साखर मोजत नाहीत अजून," ती म्हणाली. "एवढंच."

पाच वाजता काहीच नव्हतं. पाच दहाला मी काचेतून बघितलं, तर कार्पेटचा रंग गडद व्हायला लागला होता. आवाज नाही, धार नाही. खालून वर आल्यासारखं नुसतं पाणी चढत होतं. सव्वापाचला हरेशनं सगळ्या पट्ट्या बघितल्या, एकही फाटलेली नव्हती. मग त्यानं स्वतः दार उघडलं. दोन बोटं पाणी. त्यानं बोट चाखलं आणि थुंकला.

मला वाटलं, आता माफी मागेल.

"काका," तो हळू आवाजात म्हणाला, "गाडी माझ्या दारात दोन वर्सं होती. माझा दार तर खाडीला लागून हाय. थेंब नाय आला कधी. गाडीत नाय काय. तुमच्या जाग्यात हाय. एखाद्या भगताला दाखवा."

बघा आता! गाडी तपासायला मी बसलो होतो आणि नापास माझं घर झालं!

तो गाडी घेऊन गेला. अष्टमीला बरोबर सहा वाजता, खाडीच्या काठावरच्या त्याच्या अंगणातून त्यानं व्हिडिओ पाठवला. कार्पेट कोरडं, खणखणीत. वर हात जोडल्याची खूण. पुढच्या आठ दिवसांत गावात दोघांनी मला विचारलं, "काय म्हात्रे, जाग्याचा काय केलात मग?" चाळीस वर्षं ज्या अंगणात भाताची उडवी रचली, त्याच्याबद्दल लोक असं विचारतात.

मी तेरावी गाडी शोधायला लागलो. तेव्हा सुलभा म्हणाली, "तीच घ्या."

"ज्या गाडीत समुद्र येतो ती गाडी कोण घेतं?"

"अहो, पाणी येतं आणि जातं. मिनीडोर सातच्या आत येतच नाही."

"हा काय युक्तिवाद झाला?"

"भरतीची वेळ तुम्हाला आदल्या दिवशी सांगता येते. त्या रिक्षावाल्याची सांगता येते का?" मग माझा चेहरा बघून ती हसायला लागली. "आणि माझ्याच सीटखाली येतंय ना? दर खेपेला दोन-दोन, अडीच-अडीच लिटर पाणी काढतात माझ्यातून. ते कुठेतरी जायला नको?"

मी ओरडलो तिच्यावर. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, इतक्या मोठ्यानं कधी ओरडलो नव्हतो. असल्या गोष्टीची चेष्टा करतात का? ती गप्प बसली नाही. म्हणाली, "मला सातला पोचायचंय. बाकी तुम्ही बघा."

गाडी घेतली. हरेशनं सांगितलेल्या किमतीत, एक रुपयाही न पाडता — म्हणजे पाणी ओतल्याची गोष्ट त्यानं पुन्हा तोंडातून काढू नये. तो द्यायला तयार नव्हता. मी कागदावर लिहून दिलं, की पाण्याबद्दल माझी काही तक्रार राहणार नाही. तेव्हा त्यानं चावी माझ्या हातावर ठेवली.

आता आठ महिने झाले. एकही खेप चुकलेली नाही. पाणी येतं. आमच्या अंगणात असली तरच, डावीकडेच, भरतीलाच. शेजारच्या वाडीत उभी केली तर नाही. कार्पेट काढून टाकलं, सुलभाच्या पायाखाली लाकडी पाट बसवला. तळाला रबरी बूच असतं, ते काढून खाली परात ठेवतो आणि मापाच्या भांड्यानं मोजतो. दोन मेकॅनिकांना दाखवलं. एक म्हणाला दाराचं रबर, दुसरा म्हणाला मनाचे खेळ. मनाच्या खेळातून परातीत मीठ साचत नाही हो!

कोणाला काही सुचत असेल तर जरूर कळवा. 'तुमच्या जागेत' या शब्दांनी सुरू होणारी पत्रं मात्र पाठवू नका.

शेवटी एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण अर्धवट माहिती देणं माझ्या स्वभावात नाही. परातीतल्या पाण्याची नोंद मी रोज एका वहीत करतो, मिलिलिटरमध्ये. सुलभाच्या अंगातून किती पाणी काढलं, ते सेंटरवाले प्रत्येक खेपेला तिच्या फाइलीत लिहितात, तेही मिलिलिटरमध्ये. परवा तिनं विचारलं, "मांडून बघितलंत का शेजारी-शेजारी?"

"नाही."

"तुम्ही? नाही?"

स्टोअरमध्ये दोन पत्रकं समोर आली की आकड्यांचा ताळा पाहिल्याशिवाय मी जेवणाचा डबा उघडलेला नाही. हा ताळा पाहायला दहा मिनिटं पुरतील. पण आकडे जुळले नाहीत तर मी होतो तिथेच राहीन. आणि जुळले, तर उद्या पहाटे तिच्यासाठी त्या गाडीचं दार मी कोणत्या तोंडानं उघडू? वही माझ्या कपाटात आहे, फाइल तिच्या. आठ महिने मी त्या एका टेबलावर येऊ दिलेल्या नाहीत.