रूपाबाईचा मुरूम

गोरेगावच्या रस्त्याला लागून तांड्याचं पहिलं घर पुनमचंदचं, आणि त्या घराखाली तळघर. तांड्यात कुणाच्या बापानं तळघर पाहिलं नव्हतं. पण पुनमचंद एकदा हैदराबादला गेला, तिथं एका दुकानात पायऱ्या उतरून थंडगार गादीवर बसला, आणि गडी खुळावलाच. मंडप-बिछायतीचा त्याचा धंदा. गाद्या, सतरंज्या, पडदे ठेवायला आता तळघरच पाहिजे! बांधलं. पहिल्याच पावसाळ्यात तिथं बेडूक नांदायला आले.

दुसरा कुणी असता तर रडला असता. हा हसायचा. पाणी उपसायचा, आतून सिमेंट फासायचा, "आता येऊन दाखव म्हणावं!" असं भिंतीला ऐकवायचा. पाणी यायचंच. त्यात तळघराची मागची भिंत पोट काढून आत सरकायला लागली. यंदा जूनमधल्या एका लग्नात तर कहरच झाला. नवरदेव पुनमचंदच्या गादीवरून मंगलाष्टकांना उठला तो मागून ओलाचिंब! करवल्या हसून हसून लोळल्या. नवरदेवाच्या बापानं पुनमचंदला जे ऐकवलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

त्याची बायको रूपाबाई मात्र कधीच हसली नाही. तिच्या याडीनं, म्हणजे आईनं, आरसे आणि कवड्या लावून शिवलेली फेटिया, तांड्यातला तो घेरदार घागरा, तिनं मोठ्या विश्वासानं ट्रंकेत घालून तळघरात ठेवली होती. पहिल्याच पाण्यात तिचा लाल रंग उतरला. त्या दिवशी ट्रंक वर पलंगाखाली गेली, आणि रूपाबाई पुन्हा म्हणून तळघराची पायरी उतरली नाही.

श्रावणात ती तिजेच्या सणाला भावाच्या तांड्यावर निघाली, तेव्हा अंगणात मुरमाचा हा एवढा ढीग पडला होता. तिनंच मागवलेला.

"अव्हो, नीट ऐका. मी येईपस्तोर हा मुरूम तळघरात भरून ते बुजलं पाहिजे. न्हाई बुजलं तर मी परत माहेरी. मग बसा बेडकांसंगं संसार करत!"

"बुजवतो की! बराबर बुजवतो!" जीप वळेपर्यंत पुनमचंद हात हलवत राहिला आणि मग मटकन ढिगावर बसला. तळघर गेलं तर जीव जाणार, आणि रूपाबाई गेली तर मग जगायचं तरी कशाला?

बुजवायच्या कामाला खेमा मिस्त्री आला. तो तळघरातल्या त्या मागच्या भिंतीपाशी थबकला. "पुनमभाऊ, बुजवू म्हणा. पण ही आत काहून येऊन राहिली, ते तर पाहू."

दोघांनी मागून खणलं. पहारीला काळीभोर, लोण्यासारखी चिकणमाती लागली, पाणी पिऊन टम्म फुगलेली. पुनमचंदनं कपाळावर हात मारला. भिंतीमागचा भराव त्यानंच हौसेनं घातला होता, आपल्या शेतातली सगळ्यात कसदार माती आणून! वर चार वांगी लावावीत म्हणून!

"अरे, हीच माती माझ्या गाडीची चाकं गिळते, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. अन् मी तिला भिंतीच्या उरावर बसवली? काय म्हणावं मला!"

"मला इचारू नका. हितं पाणी धरणार न्हाई असा भराव पायजे. मुरूम."

दोघांनी एकदम अंगणातल्या ढिगाकडं पाहिलं. मग जे हसू फुटलं ते आवरेना.

"पर वहिनीला काय सांगता?" खेमानं डोळे पुसत विचारलं.

"ते अजून ठरलं न्हाई. तू खोद!"

पावसानं उघाड दिली होती, तेवढ्यात काम धरलं. आतून बल्ल्यांचे टेकू दिले, भिंतीला जोडून सिमेंटचे दोन दणकट खांब उभे केले. बाहेरून काळी माती पार उकरून काढली, भेगा भरल्या, वॉटरप्रूफचं प्लास्टर, त्यावर डांबर. तळाशी गिट्टीत पाईप टाकून तो नाल्याला सोडला. आणि मग मुरूम! घमेल्यामागून घमेलं रूपाबाईचा मुरूम भिंतीमागं जात होता आणि पुनमचंद प्रत्येक घमेल्याला "जय सेवालाल!" करत होता.

रूपाबाई यायच्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळला. पुनमचंदनं भिंतीच्या पायथ्याशी ज्वारीच्या पिठाची लांब रेघ ओढली. ओल आली की पिठाचा गोळा होणार. मग समोर बसून राहिला. बेडूक ओरडत होते, पण बाहेर.

दुपारी वर चपला वाजल्या. "अंगण मोकळं झालं की! सुटले बाई एकदाची!" असं म्हणत रूपाबाईनं तळघराचं दार ढकललं आणि ती वरच्या पायरीवर थिजली. खाली नवरा, मिशीपर्यंत पांढरा.

"अव्हो! मुरूम कुठाय?"

"भिंतीमागं."

"अन् माझं पीठ?"

"भिंतीपुढं."

ती एक पायरी उतरली. थांबली. मग सगळ्या उतरली. भिंतीला तळवा लावला, मग गाल लावला. चिमूटभर पीठ उचलून फुंकलं. ते भुर्रकन उडालं. आणि ती वर निघून गेली.

वरून पलंगाखालची ट्रंक ओढल्याचा आवाज आला. गेली! ट्रंक घेऊन चालली माहेरी! पुनमचंद धडपडत पायऱ्यांकडं धावला.

दारात रूपाबाई ट्रंकेचं एक कडं धरून उभी होती.

"बघून काय राहिले? दुसरं कडं धरा, जड हाय. अन् त्या मागच्याच भिंतीला लावा, चिटकून."